निव्वळ वजन

कब्रस्तान कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, आमच्या दारात चपला काढत होते तेव्हाच मी ओळखलं, आता काहीतरी आपल्या गळ्यात पडणार. दारव्ह्यात माझ्याकडे गप्पा मारायला कोणी येत नाही. पीकविम्याचा अर्ज अडकला, आधारवर जन्मतारीख चुकली, मोबाईलमधले लग्नाचे फोटो उडाले, की मग लोकांना मी आठवते. नागपूरला एका कंपनीत मी दवाखान्यांच्या जुन्या याद्या नव्या सिस्टीममध्ये बसवून द्यायचं काम करत होते. तेच काम आता घरून करते. पण गावाच्या लेखी मी ‘कम्प्युटरवाली’, म्हणजे वीज लागते त्या सगळ्याच वस्तूंची डॉक्टर. मी तोंडाची फटकळ आहे, पण त्याचा काडीचा उपयोग होत नाही. लोक ऐकून घेतात आणि काम पुढे सरकवतात.

सदरांनी खुर्चीत बसल्या बसल्या आधी खालाची तब्येत विचारली. खाला म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. मी तिच्याकडेच वाढले आणि तिच्यासाठीच नागपूर सोडून आले. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. आठवड्यातून दोनदा यवतमाळला डायलिसिस. जाताना तिला बसमध्ये खिडकी लागते आणि येताना माझा खांदा. डॉक्टर तिच्यासमोर जपून बोलतात. पण खाला काही खुळी नाही, तिला सगळं कळतं.

तिनंच कमिटीला निरोप धाडला होता, माझ्या नकळत. निरोप एवढाच, की माझी वेळ येईल तेव्हा मला माझ्या बच्च्याच्या बाजूला जागा द्या.

“देतो म्हनलं आमी,” सदर म्हणाले. “जागा अगोदर राखून ठेवाचा रिवाज नाही आपल्यात, पन बहिनीची गोष्ट येगळी हाय. फक्त कबर कोनती ते दाखवा. पुढच्या महिन्यात त्या साऱ्या भागावर मुरूम टाकून राह्यलो आमी. एकदा का भरणा पडला, मंग कोनालेच काही दिसनार नाही.”

जुना भाग भरला की त्यावर मुरमाचा जाड थर टाकायचा आणि वर नव्यानं दफन सुरू करायचं, ही आमच्याकडची रीत आहे. यात कोणाचा काही दोष नाही. जिवंतांनाच इथं जागा पुरत नाही. अडचण होती ती एकच: कबर कोणती, हे कोणालाच माहीत नव्हतं.

खालाला एकच मूल झालं. मुलगा. तीन दिवस जगला. आमच्यात नाव सातव्या दिवशी ठेवतात, त्याच्या आतच गेला, त्यामुळे त्याला नावही नाही. खाला बाळंतीण, खाटेवर. एरवीही आमच्याकडे बायका मय्यतीमागे कब्रस्तानात जात नाहीत, त्यामुळे ती जागा तिनं कधी पाहिलीच नाही. खालू, म्हणजे तिचा नवरा, दर शब-ए-बरातला तिथं जाऊन फातेहा पढून यायचे. त्यांना जागा पक्की ठाऊक होती. पण ते मुलखाचे अबोल. तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, आणि एका दुपारी दिग्रसच्या रस्त्यावर ट्रकनं त्यांना उडवलं. पुढं नाल्याला मोठा पूर आला आणि लहान मुलांच्या भागातले मातीचे उंचवटे धुऊन सपाट झाले. त्या दिवशी खालूंसोबत गेलेल्यांतले दोघे अजून हयात आहेत. एकानं माझ्या भावाला कडुनिंबाजवळची जागा दाखवली, दुसऱ्यानं नाल्याकडची. दोघांनीही छातीठोकपणे.

माझंही सांगून टाकते. तो बच्चा गेला त्यानंतर काही महिन्यांनी मी जन्मले. आईच्या पदरात आधीच चौघं होती. माझं दूध सुटल्यावर तिनं मला खालाच्या ओटीत घातलं. त्याचे ना कागद झाले, ना कोणी मोठं भाषण केलं. माझे दोन फ्रॉक पिशवीत घालून मला शेजारच्या गल्लीत आणून सोडलं, एवढंच. म्हणजे मी त्याच्या जागेवर आलेली. खालानं मला काही कमी केलं नाही. तरी मला त्या तीन दिवसांच्या पोराचा हेवा वाटतो, अजून वाटतो. तिच्या हातातली सुजलेली नस मी चोळते, तिला मोजून पाणी देते, आणि तिला शेवटी झोपायचं आहे ते त्याच्याजवळ. असं बोलणं बरं दिसत नाही हे मला समजतं.

सदरांनी खिशातून एक सीडी काढून टेबलावर ठेवली.

“आपल्या कब्रस्तानाचं रेकॉर्ड कम्प्युटरवर हाय,” ते अभिमानानं म्हणाले. “साऱ्या जिल्ह्यात कोनाचं नसंल.”

त्याची कथा अशी. त्या काळी मोहल्ल्याच्या हाताला लागेल असा कम्प्युटर गावात एकच होता, गावाबाहेरच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरचा. कापसाची गाडी आधी भरलेली काट्यावर चढवायची, माल उतरवून मग रिकामी चढवायची, आणि मशीननं एकातून दुसरं वजा करून मालाचं निव्वळ वजन काढायचं. त्या काट्यावर बसणारे बाबू आमच्या मोहल्ल्यातले आणि कब्रस्तान कमिटीचे सेक्रेटरीही. कमिटीचं जुनं रजिस्टर उधईनं खाल्लं तेव्हा त्यांनी ठरवलं, यापुढे नोंदी मशीनमध्येच. पण मशीनमध्ये प्रोग्राम होता एकच, कापसाच्या गाड्यांचा. मग त्यांनी मय्यती त्यातच नोंदवायला सुरुवात केली. पुढं जिनिंग बंद पडली, मशीन भंगारात गेलं. जाण्याआधी कोणीतरी त्यातली एक फाईल सीडीवर उतरवून ठेवली, ती ही.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आतून खालाचा आवाज आला, “सदर साहेबाईसाठी चहा टाक वं.” मी मुकाट्यानं चहा टाकला.

आजकालच्या लॅपटॉपला सीडीचं तोंडच नसतं. बसस्टँडजवळच्या फोटो स्टुडिओवाल्याकडे जुनी मशीन होती, तिच्यातून फाईल निघाली. दुसऱ्या दिवशी डायलिसिसचा वार होता. खालाला मशीनला लावलं आणि मी बाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. त्या कॉरिडॉरमध्ये सगळ्यांकडे चार तास असतात आणि कोणाकडेच काही काम नसतं. बायका स्वेटर विणतात, पुरुष मोबाईलवर भांडणं बघतात.

फाईल साध्या मजकुराची होती, सगळी इंग्रजी मोठ्या अक्षरांत, जुन्या खडखडणाऱ्या प्रिंटरवर छापायला पाठवायची तशी. दर पानावर जिनिंगचं नाव, खाली तुटक रेघ, मग रकान्यांची नावं: तारीख, पावती क्रमांक, पार्टीचं नाव, माल, निव्वळ वजन. त्याखाली ओळीच ओळी. रकान्यांमध्ये ना उभी रेघ, ना स्वल्पविराम. प्रत्येक रकान्याची रुंदी आधीच ठरलेली, एका अक्षराला एक घर. नाव लहान असलं तर उरलेली घरं कोरी सोडायची, मोठं असलं तर कापायचं. कागदावर हे छान दिसतं. पण अशी फाईल नुसती बघता येते. तिच्यात काही शोधायचं, गाळायचं, तारखेनं लावायचं म्हटलं तर ती ढिम्म हलत नाही. त्यासाठी दोन रकान्यांमध्ये एक ठळक खूण घालावी लागते. मी उभी रेघ घालते. स्वल्पविरामावर माझा विश्वास नाही, तो लोक नावातसुद्धा टाकतात.

हे काम काळ्या खिडकीत आज्ञा लिहून होतं. तिथं माऊस चालत नाही, चित्रं नाहीत. पांढरी अक्षरं लुकलुकत असतात, बस. खाला म्हणते, हे काय अंधारात बसून राह्यली.

नवशिका माणूस यात एक हमखास घोळ घालतो. जिथं जिथं कोऱ्या घरांची रांग दिसेल तिथं तो एक खूण ठोकतो आणि झालं म्हणतो. पण एखाद्या ओळीत मालाचा रकाना रिकामा असला, की अलीकडची आणि पलीकडची कोरी घरं मिळून एकच होतात, आणि वजन सरकून मालाच्या जागी येऊन बसतं. जीपमधून मधला माणूस उतरला की बाकीचे ऐसपैस सरकतात तसं. इथं कोणी सरकायचं नाही. रिकाम्या जागेलाही जागा म्हणूनच मोजायचं. मी पहिल्या ओळीच्या डोक्यावर एक ते शेवटपर्यंत आकड्यांची पट्टी मांडली आणि कुठला रकाना कितव्या घरापासून कितव्या घरापर्यंत, ते बोटानं मोजलं. मग त्या काळ्या खिडकीतली माझी जुनी हत्यारं काढली: ग्रेपनं पानापानावरचे मथळे आणि रेघा गाळल्या, ऑकला प्रत्येक रकान्याची रुंदी सांगितली, सेडनं रकान्यांच्या शेपटाला लोंबणारी कोरी घरं छाटली. आज्ञा म्हणाल तर तीनच ओळींची. एन्टर दाबलं आणि मोहल्ल्यातली सगळी मयत माणसं उभ्या रेघा लावून शिस्तीत उभी राहिली. मला बरं वाटलं. माझ्या आयुष्यात ज्या मोजक्या गोष्टी सांगितल्याप्रमाणे वागतात त्यांतली ही एक.

मग मी मालाचा रकाना पाहिला. कापूस, कापूस, रुई, सरकी, कापूस, रुई. प्रोग्राम मालाचं नाव विचारल्याशिवाय पुढं जात नसणार आणि त्याला माल माहीत होते तीनच. थोडं वर-खाली केलं तेव्हा उलगडलं. पुरुष म्हणजे कापूस, बायका म्हणजे रुई, आणि लहान मुलं म्हणजे सरकी. मला इतक्या जोरात हसू आलं की स्वेटरवाल्या बाईनं सुया थांबवल्या. हसून झाल्यावर लक्षात आलं की आपण कोणासाठी सरकी शोधतो आहोत.

सरकीच्या ओळी काढल्या. नाव नसलेली मुलं बापाच्या नावावर लिहिली होती, ‘बच्चा वल्द शेख’, आणि पुढं खऱ्या नावाला सुरुवात व्हायच्या आत रकाना संपलेला. अर्धा मोहल्ला शेख आहे. सगळे बच्चे एकाच नावाचे. मात्र तारीख शाबूत होती. मी आत जाऊन खालाला विचारलं. तिला तारीख सांगता आली नाही, पण रमजानची ईद होऊन गेली होती, बकरीद यायची होती, आणि गावचा आठवडी बाजार होता. कफनाचं कापड आणायला गेलेला माणूस बाजाराच्या गर्दीत अडकला होता, म्हणून मय्यत उशिरा उठली, हे तिच्या पक्कं ध्यानात होतं. साल मला माहीतच होतं. बाहेर येऊन मी त्या दोन ईदांच्या मधल्या तारखा लावल्या, त्यातले बाजाराचे वार ठेवले, सरकी ठेवली, बच्चा ठेवला.

एकच ओळ उरली.

मी धावत आत गेले. खरं तर तिथं धावू देत नाहीत. खालाच्या दोन्ही नळ्यांतून रक्त फिरत होतं, ती डोळे मिटून पडली होती. मी म्हटलं, “खाला, सापडला.”

तिनं डोळे उघडले. गेल्या वर्षभरात मी तिचा तसा चेहरा पाहिला नव्हता. “कुठी हाय?” तिनं विचारलं.

“जागेचा आकडा पाहून सांगते,” मी म्हटलं. फाईल तर मोबाईलवरही होती. शेवटच्या रकान्यात एकोणीस होतं.

एकोणीस काय? कब्रस्तानाच्या भिंतीवर रांगांचे आकडे रंगवलेले आहेत हे मला भावाकडून ठाऊक होतं. रांग लागते आणि रांगेतला नंबर लागतो. इथं आकडा एकच. काट्यावरचे बाबू आता पुसदला लेकीकडे असतात. सदरांकडून त्यांचा नंबर घेतला आणि जिन्यात उभी राहून फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आमचं बोलणं अख्ख्या मजल्यानं ऐकलं.

“अवं, सोपं हाय,” ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. “भरेल गाडीच्या खान्यात रांग टाकत होतो अन् रिकाम्या गाडीच्या खान्यात नंबर. भिंतीपासून कितवी कबर, तो नंबर. पक्कं काम होतं आपलं!”

“चाचा, पन फायलीत तं एकच आकडा हाय. निव्वळ वजन.”

“तो मशीन आपोआप काढे. भरतीतून रिकामी वजा.”

“अन् ते दोन आकडे?”

“ते मशीनमंधी राहे.” मग आठवून म्हणाले, “अन् पावतीवर. पावतीवर तिन्ही छापून ये. मी एकूनएक घराले पावती देल्ली पोरी, जपून ठेवजा म्हनून सांगतलं. काहून? चुकलं का काही?”

माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. मी एरवी बिलकुल सोडत नाही. पण त्या माणसानं कोणी सांगितलेलं नसताना, पगार नसताना, कापसाच्या हंगामात दिवसभर काटा सांभाळून संध्याकाळी एकेक मय्यत लिहून ठेवली होती. त्याच्यावर ओरडून मी काय मिळवणार होते? “नाही चाचा,” मी म्हटलं, “काम पक्कं हाय तुमचं.”

परतीच्या बसमध्ये मी खालाला पावतीचं विचारलं.

“तो कागद?” ती म्हणाली. “तो तं यानं चुलीत टाकला.” ती खालूंबद्दल बोलताना ‘यानं’ म्हणते, अजूनही. “मातीहून आला, कागद हातात. वाचला. मले म्हने, पाह्य, आपल्या बच्च्याच्या नावापुढं सरकी लिहेल हाय. माहा बच्चा सरकी होय का? अन् टाकला चुलीत. मी खाटेवरून पाह्यत होती. मले बी वाटलं, बरं केलं.”

मी खिडकीबाहेर पाहत राहिले. तिनं विचारलं, “कायले पाह्यजे होता तो?” मी म्हटलं, “काही नाही, असंच.”

पण मी हार मानणाऱ्यांतली नाही, निदान लवकर तरी नाही. घरी आल्यावर कागदावर मी मुलांचा भाग काढला. मुलांच्या रांगा विसाव्या रांगेपासून सुरू होतात. विसावी रांग, पहिली कबर: वजा केले की एकोणीस. एकविसावी रांग, दुसरी कबर: एकोणीस. बाविसावी, तिसरी: तेच. एकेक ठिपका देत गेले तर भिंतीपासून थेट नाल्यापर्यंत एक तिरपी रेघ तयार झाली. तो त्या रेघेवर कुठंतरी होता. रेघेबाहेर नव्हता, एवढंच खात्रीनं.

मुलं ओळीनं पुरली असती तरी जमलं असतं. मागच्या-पुढच्या तारखांच्या आकड्यांवरून मी रांग हुडकली असती. मी तेही करून पाहिलं. पण आमच्याकडे ओळीनं कोण पुरतं? कोणाला भावाच्या मुलाशेजारी जागा हवी असते, कोणाला सावली, आणि कुठं खाली खडक लागला की खोदणारा दुसरीकडे सरकतो. आकडे नुसते इकडून तिकडे उड्या मारत होते.

मग मला ते दोन साक्षीदार आठवले आणि मी जागेवरून उठलेच. एक जागा कडुनिंबाजवळची, एक नाल्याकडची. दोन्हींची रांग आणि नंबर मोजायचा, वजा करायचं, जिथं एकोणीस येईल ती खरी. इतकं साधं! मी स्वतःवर खूश झाले. खालालाही सांगितलं, की उद्या नक्की कळेल. सांगायला नको होतं.

माझा सख्खा भाऊ आईकडे राहतो, त्याचं दुचाकीचं गॅरेज आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नसताना तो कब्रस्तानात गेला आणि तिथून त्यानं व्हिडिओ कॉल लावला. खाला आणि मी पलंगावर खेटून बसलो, फोन उशीला टेकवला. कब्रस्तान ती आयुष्यात पहिल्यांदा आतून पाहत होती. तिनं डोक्यावरून ओढणी घेतली, फोनसमोरच.

भाऊ कडुनिंबापाशी गेला. भिंतीवरचा आकडा पाहिला, पावलं टाकत कबरी मोजल्या. उंचवटे नसले तरी पायथ्याचे दगड बऱ्याच ठिकाणी शिल्लक होते. “तेविसावी रांग,” तो म्हणाला. “सातवा नंबर.”

सोळा.

“नाल्याकडं जा,” मी म्हटलं. तो गेला. मागं फाटकाजवळ मुरमाचा पहिला ढीग पडलेला दिसला, लाल, अजून ओला. “सत्ताविसावी,” तो म्हणाला. “अन् हा… बारावा.”

पंधरा.

मी पुन्हा मोजायला लावलं. त्यानं पुन्हा मोजलं. तेच आलं. चाचांनी आकडा टाकताना चूक केली असेल का? केली असेल. पण आता कशावर काय ताडून पाहणार? आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी नेमकं काय करून बसले होते. काल सकाळपर्यंत खालाकडे दोन जागा होत्या. दोन्ही माणसांनी डोळ्यांनी पाहिल्याचं सांगितलं होतं, तिला त्यातली मनाला पटेल ती निवडता आली असती, आणि मरेपर्यंत तिला कोणी खोटं ठरवलं नसतं. माझ्या तीन ओळींच्या आज्ञेनं त्या दोन्ही जागा तिच्याकडून काढून घेतल्या.

“काय झालं वं?” खालानं विचारलं.

मी भावाला त्या तिरप्या रेघेवरून चालायला सांगितलं. विसाव्या रांगेतल्या पहिल्या दगडापासून सुरुवात, मग एक रांग पुढं आणि एक कबर आत. फोनमध्ये त्याची चप्पल दिसत होती, वाळलेलं गवत, काटे, एक फुटकी घागर, कोणाच्यातरी बकऱ्या. खालानं फोन उशीवरून उचलून डोळ्यांजवळ धरला. तो थांबला की तीही श्वास धरायची.

“याच्यातली कोनती?” तिनं विचारलं.

“माहीत नाही, खाला. यातलीच एक.”

“तू तं म्हनली होती सापडला.”

“म्हटलं होतं.”

मग मी तिला समजावून सांगू लागले, भरलेली गाडी, रिकामी गाडी, मशीन कसं वजा करतं, आणि का ते दोन आकडे परत काढता येत नाहीत. मी चांगलं समजावते, नागपूरला नव्या मुलींना मीच शिकवायची. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजे नाही सापडला,” ती म्हणाली.

“नाही.”

भावाला तिकडून सगळं ऐकू जात होतं. तो आवाज खाली करून म्हणाला, “अवं, एखादी सांगून दे ना. इथी कोनाले काय समजते? मी दगड लावून देतो, सदर जागा सोडतीन. काम होऊन जाईन.” उन्हात त्याला स्क्रीन दिसत नव्हती; फोन खालाच्या हातात होता, हे त्याला माहीत नव्हतं.

मी खालाकडे पाहिलं. माझी तयारी होती. तिनं नुसती मान हलवली असती तरी मी त्या रेघेवरची पाचवी, सहावी, कुठलीही कबर दाखवून दिली असती आणि जन्मभर त्यावर ठाम राहिले असते.

“नको,” खाला म्हणाली. “तिथी दुसरीचं लेकरू असंल. त्याची माय उद्या जागा मांगाले आली तं? मी पडेल राहीन तिच्या जागी.”

तिनं फोन माझ्या हातात दिला आणि ओढणी डोक्यावरून खाली घेतली. फोनमध्ये भाऊ अजून त्या रेघेवर उभा होता, पुढं जायचं की मागं ते कोणी सांगत नव्हतं म्हणून.

“मंग मले कुठंबी टाका,” ती म्हणाली. “अन् त्याले घरी ये म्हना. ऊन लय हाय.”